‘तिचा टोन सुधारा’ म्हणून कंपनी कोचकडे पाठवते तेव्हा

प्रश्न : सहा वर्षं मी एक्झिक्युटिव्ह कोचिंग, म्हणजे कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या कामाविषयी मार्गदर्शन, करतो आहे. एका कंपनीने त्यांच्या वरिष्ठ अधिकारी बाईंसाठी मला नेमलं. करारातलं उद्दिष्ट आहे, ‘सहकाऱ्यांशी बोलताना टोन मवाळ करणे’. तिसऱ्या सत्रात त्यांनी सांगितलं, की मीटिंगमध्ये त्यांना वाक्य पुरं करू देत नाहीत. त्यांचाच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. शिवाय त्या तिथल्या मोजक्या कृष्णवर्णीयांपैकी आहेत, त्यामुळे केसांपासून उच्चारांपर्यंत शेरे चालूच असतात. मी पुरुष आहे आणि यातलं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्यांना जुळवून घ्यायला शिकवू की लढायला? आणि फी कंपनी देते, मग मी कोणाच्या बाजूचा?

उत्तर :

जुळवून घ्यायचं की लढायचं, हे त्या ठरवतील. नोकरी त्यांची आहे आणि परिणामही त्यांनाच भोगायचे आहेत. तुमच्यासमोर आत्ता त्याआधीचं काम आहे. करारात जे उद्दिष्ट म्हणून लिहिलंय ती कंपनीची तक्रार आहे. ती न तपासता तुम्ही तिलाच निदान मानलंत, तर पुढची सगळी सत्रं भलत्याच माणसावर उपचार करण्यात जातील.

ही चूक मी केली आहे. कोचिंगमधलं माझं चौथं वर्ष होतं. एका बाईंसाठी नेमकं हेच उद्दिष्ट माझ्या हातात आलं आणि मी ते प्रामाणिकपणे राबवलं. चार महिने आम्ही आवाजाची पट्टी, ईमेलमधली पहिली ओळ, ‘मला वाटतं’ कुठे घालायचं, यावर काम केलं. त्या खरोखर बदलल्या. पुढच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांच्या बॉसने लिहिलं, ‘ठामपणा कमी पडतो, वरच्या जबाबदारीसाठी अजून तयार नाहीत.’ तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला, शेजारी आदल्या वर्षीचा ठेवला, आणि विचारलं, “आता यातलं कुठलं सुधारू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभरात त्यांनी ती कंपनी सोडली. आज वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करतेय, पण ते दोन कागद अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. माझ्या मदतीने त्या एका कात्रीतून निघून दुसऱ्या कात्रीत सापडल्या होत्या, आणि मी त्याला प्रगती म्हणत होते.

या कात्रीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा एक निकाल आहे. तो प्रत्येक कोचला माहीत असायला हवा, असं माझं मत आहे. अॅन हॉपकिन्स या प्राइस वॉटरहाउस या लेखा फर्ममध्ये होत्या. १९८२ मध्ये भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई ही एकच. सुमारे अडीच कोटी डॉलरचं सरकारी काम फर्मला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरी त्यांचं नाव लांबणीवर पडलं, आणि पुढच्या वेळी संधी वाढावी म्हणून सल्ला मिळाला तो असा : चालणं, बोलणं, पेहराव जास्त बायकी ठेवा, मेकअप करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकालात जे लिहिलं त्याचा आशय असा, की एखाद्या कर्मचारी स्त्रीच्या वागण्यातला दोष सौम्य रंगाच्या कपड्यांनी किंवा लिपस्टिकच्या नव्या छटेने दूर होणार असेल, तर टीका वागण्यावर नसून तिच्या स्त्री असण्यावर असावी, हे ओळखायला मानसशास्त्राचा तज्ज्ञ लागत नाही. ज्या पदाला आक्रमकपणा लागतो त्या पदावरच्या बाईने आक्रमक असू नये, ही अपेक्षा म्हणजे तिला दोन्हीकडून अडकवणं आहे, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं. १९९० मध्ये खालच्या न्यायालयाने हॉपकिन्स यांना भागीदार करून घेण्याचा आदेश दिला.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते. हॉपकिन्स हाताखालच्या लोकांशी कधीकधी फार कठोर वागतात, असं त्यांच्या बाजूने असलेल्या भागीदारांनीही म्हटलं होतं, आणि न्यायालयाने ते नाकारलं नाही. म्हणजे माणसाचा खरा दोष आणि त्याच्याविषयीचा पूर्वग्रह एकाच कागदावर, कधी एकाच वाक्यात नांदू शकतात. ‘हा सगळा भेदभाव आहे’ म्हणणारा कोच आणि ‘भेदभाव बाजूला ठेवू, आपण काय सुधारू शकतो ते बघू’ म्हणणारा कोच, दोघेही क्लायंटचं नुकसान करतात. आपल्याला धान्य निवडतात तसं ते वाक्य निवडावं लागतं.

कसं, ते दाखवते. थ्री-सिक्स्टी फीडबॅकचा, म्हणजे बॉस, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांनी दिलेल्या अभिप्रायांचा, अहवाल छापून घ्या, स्क्रीनवर नको. क्लायंटच्या शेजारी बसा. प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा : आक्रमक, भावनिक, उद्धट, ‘आमच्या संस्कृतीत न बसणारी’. मग एकेका रेघेवर विचारा : ही कुठली घटना? कोणता दिवस, खोलीत कोण होतं, नेमके शब्द कोणते, आणि त्यामुळे कामाचं काय बिघडलं? माझ्या एका क्लायंटच्या अहवालात ‘मीटिंगमध्ये फार आक्रमक होते’ असं तीन जणांनी लिहिलं होतं. शोधता शोधता तिघांचंही बोट एकाच मीटिंगकडे गेलं. बजेटच्या बैठकीत तिने एका विभागप्रमुखाला एक आकडा दोनदा विचारला होता, कारण पहिल्यांदा त्याने उत्तर टाळलं होतं. आणखी एक रेघ मात्र वेगळी निघाली : ‘ज्युनियर लोकांना बोलू देत नाही.’ तिने स्वतःच चार प्रसंग सांगितले. त्यावर आम्ही काम केलं, आणि चांगलं काम झालं. बजेटच्या मीटिंगबद्दल तिला काहीही बदलायला मी सांगितलं नाही.

विशेषणांवर मी एवढी अडून का बसते? संशोधक किएरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये २८ कंपन्यांमधली २४८ मूल्यमापनं तपासली. त्यातल्या टीका असलेल्या मूल्यमापनांत स्वभावावर बोट ठेवणारी टीका स्त्रियांच्या ९४ पैकी ७१ मध्ये होती, पुरुषांच्या ८३ पैकी २ मध्ये. पुरुषाला सांगतात, या अहवालात तपशील कमी आहे. बाईला सांगतात, तू अशी आहेस. पहिल्या वाक्याने माणूस कामाला लागतो, दुसऱ्याने तो रात्री छताकडे बघत पडतो. पूर्वग्रहाचं हे नुकसान बोलण्यात फार कमी येतं : अपमान होतो तो होतोच, शिवाय ज्या नेमक्या सूचनेवर पुढे जाता आलं असतं ती सूचनाही मिळत नाही. रागाचंही तसंच. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांच्या २००८ च्या प्रयोगांत एकच राग पुरुषाने दाखवला तर लोकांनी तो परिस्थितीमुळे आला असं मानलं, बाईने दाखवला तर तिचा स्वभावच तसा असं मानलं. तुमच्या क्लायंटच्या बाबतीत ‘कृष्णवर्णीय बाई म्हणजे रागीट’ हा साचा आणखी वर बसलेला आहे. ‘टोन’ या शब्दात पाणी कुठे मुरतंय, ते इथे शोधा.

म्हणूनच बाई असणं आणि कृष्णवर्णीय असणं, हे त्यांच्या दोन वेगळ्या फायलींत टाकू नका. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये यावर लिहिताना जनरल मोटर्सविरुद्धच्या १९७६ च्या एका खटल्याचा दाखला दिला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी भेदभावाचा दावा केला होता. कंपनीने स्त्रियांना घेतलं होतं, पण त्या गोऱ्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रिया म्हणून स्वतंत्र दाद मागता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दोन्ही रस्त्यांच्या चौकात उभं असलेल्या माणसाला कुठल्या गाडीने धडक दिली, हे विचारत बसलं की त्याला कुणीच उचलत नाही. तुमच्या क्लायंट ‘हे बाई म्हणून झालं की वर्णामुळे, कळत नाही’ असं म्हणतील, तेव्हा त्यांना उत्तर निवडायला लावू नका.

आता ऐकण्याविषयी. तुम्ही यातून गेलेला नाहीत हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, याचं मला बरं वाटलं. एक वाक्य आजपासून बंद करा : ‘कदाचित त्यांचा तसा हेतू नसेल.’ हे त्या तुमच्याकडे येण्याआधी शंभर वेळा स्वतःशी बोलून आल्या आहेत. छोट्या छोट्या शेऱ्यांसाठी मायक्रोअॅग्रेशन हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमाराला वापरात आणला. त्यातला खरा त्रास एकेका शेऱ्याचा नसतो. प्रत्येक शेऱ्यानंतर मनात जो खटला चालतो त्याचा असतो. असं म्हणायचं होतं का, की मीच जास्त विचार करतेय? बोलले तर रडकी ठरेन का? गप्प बसले तर उद्या पुन्हा? मीटिंग पुढे सरकते आणि बाई अजून मागच्या वाक्यापाशी असते. तुम्हीही तोच खटला सत्रात चालवलात, तर ती जागाही त्यांच्या हातातून गेली.

‘मला कळतं’ हेही म्हणू नका, कारण ते खरं नाही. मी असं म्हणते : “तुम्ही सांगताय ते मी तसंच धरून चालते. आज यातलं कशावर बोलायचं?” वंशभेद कसा चालतो हे शिकवायला त्यांना लावू नका. ते वाचन तुमच्या वेळात करा, आणि स्वतःच्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी कोचबरोबर आपलं काम तपासून घेता तेव्हा, स्वतःला विचारा, की त्यांच्या बोलण्यातलं तुम्हाला काय खुपतं. कुठल्या क्षणी तुम्हालाही त्या ‘जरा जास्तच’ वाटल्या? तो क्षण आलेला असणार. मला स्वतःला स्त्री असूनही येतो.

मग पर्याय. ते सगळे टेबलावर मांडा, आणि प्रत्येकाची किंमत मोकळेपणाने बोला : जागच्या जागी उत्तर देणं, नंतर एकट्याला गाठून बोलणं, दोनचार सहकाऱ्यांना सोबत घेणं, नोंदी ठेवत थांबणं, रीतसर तक्रार, विभाग बदलणं, कंपनी सोडणं. सध्या काहीही न करणं हाही पर्याय आहे, आणि तो निवडणारी बाई भित्री नसते. घरातलं आजारपण, व्हिसा, अर्ध्यावर आलेला प्रकल्प, कारणं पुष्कळ असतात. त्या काय निवडतात यापेक्षा सगळं समोर ठेवून निवडतात की दमून जाऊन निवडतात, इकडे माझं लक्ष असतं.

जागच्या जागी उत्तर द्यायचं ठरलं, तर ते उत्तर सत्रात मोठ्याने म्हणून घ्या. नुसती चर्चा करून तोंडाला सवय होत नाही. बोलणं तोडणाऱ्यासाठी मी चार शब्द देते : “थांबा, वाक्य पुरं करते.” क्लायंट पहिल्यांदा म्हणते तेव्हा मागे ‘सॉरी’ चिकटतं, दुसऱ्यांदा आवाज शेवटाला चढून त्याचा प्रश्न होतो, सातव्या-आठव्यांदा ते सपाट आणि शांत निघतं. मी तोडणाऱ्याची भूमिका करते आणि खरोखर मध्ये बोलते. त्या वाक्यानंतर लगेच आपल्या मुद्द्यावर जायचं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे निकालासाठी बघत थांबायचं नाही. केसांवरच्या, उच्चारांवरच्या ‘विनोदा’साठी साधा प्रश्न पुरतो : “मला कळलं नाही, यात गंमत काय आहे ते सांगाल?” विचारताना हसू नये, एवढीच अट. हे अवघड आहे, कारण अशा वेळी हसून वेळ मारून नेणं वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं असतं.

मुद्दा चोरीला जातो त्यावर एकटीने लढणं फार महाग पडतं. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो तिच्या नावासकट पुन्हा बोलायचा. खोलीतल्या लोकांना मुद्दा कुणाचा हे विसरता येत नाही. तुमच्या क्लायंटला विचारा, असं करू शकेल अशी एखादी व्यक्ती त्या टेबलाभोवती आहे का. ती बाईच असायला हवी असं नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न : प्रमोशनची यादी ज्या खोलीत ठरते, जिथे त्या स्वतः नसतात, तिथे त्यांचं नाव कोण घेतं? सल्ला देणारे मेंटॉर अशा बायकांना भरपूर मिळतात. आपला शब्द खर्च करून नाव पुढे करणारं माणूस मिळत नाही. ते शोधणं आणि जोडणं हे कोचिंगचं अस्सल काम आहे, टोनवर घालवलेल्या चार महिन्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचं.

कुठे थांबायचं तेही लक्षात ठेवा. अंगाला हात लावणं, धमकी, लैंगिक मागणी, वर्णावरून उघड शिवी, तक्रार केल्यावर सूड, यातलं काही ऐकलंत तर ते कोचिंगच्या कक्षेबाहेरचं आहे. त्याच दिवशी त्यांना सांगा, की नोकरीविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोला. मुदती छोट्या असतात. भारतात २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, सबळ कारण असेल तर तक्रार समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. अमेरिकेत भेदभावाची तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे साधारणपणे १८० दिवसांत, काही ठिकाणी ३०० दिवसांत करावी लागते. ‘आधी आत्मविश्वास वाढवू, मग बघू’ म्हणत तुमच्या सहा महिन्यांच्या सत्रांत ही मुदत उलटून गेली, तर ते नुकसान भरून देता येत नाही. ‘एकदाच तर झालं’ हे ऐकून तुम्हीही सैल पडू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या कराराने एकदाच घडलेली घटनाही कामाच्या ठिकाणच्या छळात धरली आहे. नोंदी त्यांनी त्याच दिवशी कराव्यात : तारीख, जागा, हजर असलेली माणसं, जसेच्या तसे शब्द. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नयेत, ते पुढे त्यांच्याच अंगाशी येऊ शकतं. आणि तुमची गोपनीयता वकिलाच्या गोपनीयतेसारखी नसते, तुमची टिपणं न्यायालय मागवू शकतं, हे पहिल्याच सत्रात सांगायला हवं होतं. आता सांगा. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल, तर समुपदेशक हवा. तो तुम्ही व्हायला जाऊ नका.

राहिला फीचा प्रश्न. पैसे कंपनी देते, म्हणून तिला ठरलेलं काम आणि त्याची प्रामाणिक प्रगती कळायला हवी. सत्रातलं बोलणं क्लायंटचं आहे. या दोन गोष्टी करारात लेखी नसतील, तर चौथ्या सत्राआधी त्या लिहून घ्या. मग क्लायंटची परवानगी घेऊन बॉसबरोबर तिघांची बैठक मागा. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, मागच्या दाराने एचआरच्या कानावर घालणं हा विश्वासघात आहे. हो म्हणाल्या, तर काय बोलायचं आणि काय नाही हे आधी दोघांनी बसून ठरवा.

त्या बैठकीत भेदभावावर भाषण देऊ नका, प्रश्न विचारा. मी अशाच एका बैठकीत बॉसला विचारलं, “हे वागणं टीममध्ये आणखी कुणात दिसतं?” तो प्रामाणिक माणूस होता. विचार करून त्याने विक्री विभागाच्या प्रमुखाचं नाव घेतलं. म्हणाला, तो तर हिच्यापेक्षाही कडक बोलतो. मी विचारलं, “त्यांच्यासाठीही कोच नेमलाय का?” तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मग म्हणाला, “त्याचं चालून जातं.” माझी क्लायंट समोरच बसली होती. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वर पाहिलं नाही. उद्दिष्ट त्याच दिवशी बदललं. ‘टोन’ गेला, त्या जागी आलं, ‘नव्या प्रकल्पाला तिन्ही विभागांची मंजुरी मिळवणे’, आणि त्याखाली बॉसच्या नावाने एक ओळ : बैठकीत तिचं बोलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याला बोलायला न देणे. ती ओळ त्याने पहिले दोन महिने पाळली, मग विसरला, मग तिने आठवण करून दिली. ती अजून तिथेच आहे. प्रमोशन एक वर्ष उशिरा मिळालं.

तुम्ही पुरुष असण्याचा इथे एक उपयोग आहे, आणि तो करा. हाच प्रश्न तुम्ही विचारलात तर ‘ही बाईची बाजू घेतेय’ असं कुणी म्हणणार नाही. हे अन्यायाचं आहे, तरी खरं आहे.

चौथ्या सत्राला जाताना अहवालाच्या दोन प्रती आणि एक लाल पेन घेऊन जा. सुरुवातीलाच त्यांना सांगा, की करारातलं उद्दिष्ट मी तपासायला हवं होतं, ते न तपासता स्वीकारलं. मग पेन त्यांच्या हातात द्या आणि पहिली रेघ त्यांना मारू द्या.